बारा पस्तीसची वही

१२ एप्रिल
पोचलो एकदाचा सोलापूरला! ज्यांचं नाव काढलं की नाशिकच्या आमच्या फिल्म क्लबात लोक जांभया देतात, त्या दिवंगत दिग्दर्शक चनमल्लप्पा बिराजदारांच्या घरात मी राहायला आलोय. त्यांच्या पत्नी कमलम्मांनी वरची खोली दिली, कडक भाकरी नि शेंगाचटणी वाढली आणि सगळी रिळं पुढ्यात आणून ठेवली. त्यांच्यावरच्या माझ्या पुस्तकाला आणखी काय हवं!

माझी रोजनिशी गाडीतच राहिली. वेंधळेपणात माझा हात कोण धरणार? म्हणून बिराजदारांच्या शूटिंगच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहितोय. नटाचा शर्ट कोणता, घड्याळात किती वाजलेत, हे ते प्रत्येक शॉटनंतर यात टिपत, म्हणजे पुढचा शॉट तंतोतंत जुळे. लिहिलेलं खोडायचं नाही, हा त्यांचा दंडक.

तिन्ही सिनेमे शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय आपण काही इथून हलणार नाही. आणि ओवीला इथं आणायचंच. सात वर्षांची आहे, प्रोजेक्टर बघून लेक वेडी होईल.

१३ एप्रिल
दोन सिनेमे झाले. एरवी गुन्हेपट म्हणजे रात्र आणि पाऊस. या गृहस्थांनी सगळं भर उन्हात घेतलं, दुपारी बारा पस्तीसला, सावली पायाखाली असताना. भविष्यातलं शहर म्हणून इथली गजबजलेली नवी पेठच दाखवली, फक्त त्यातली माणसं काढून टाकली. अंगावर काटा आला. असा माणूस आपण अडगळीत टाकला, याचा संताप येतो.

मी वहीत लिहितोय हे पाहून कमलम्मांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘त्यात तुमचं काय लिवू नका की. लिवल्यालं तसंच ऱ्हातंय.’ मी हसण्यावारी नेलं.

१४ एप्रिल
तिसरा सिनेमा. गुप्तहेर एका शहरात येतो. तिथलं यंत्र घड्याळं थांबवतं, मग त्याला बाहेर पडता येत नाही. गुप्तहेर झालेल्या केम गावच्या मानसिंगने काय काम केलंय! पण शेवटचं रीळच नाही.

कमलम्मांनी सांगितलं, तो शॉट झालाच नाही. त्यात गुप्तहेराची मुलगी बापाला न्यायला येते. मानसिंगला मूल नव्हतं आणि दुसऱ्याचं पोर बिराजदारांना चालेना. मग मानसिंग कुठे गेला, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘जातोय कुटं? हितंच हाय की,’ आणि रिळाच्या डब्यावर हात ठेवला.

मला बसवेना. उद्या नाशिक.

१५ एप्रिल
स्टेशनला निघालो. नवी पेठेत एकही माणूस नाही. दुकानं उघडी, कापडाचे तागे पसरलेले. कोपरा वळलो तर समोर बिराजदारांच्या घराचं हेच दार. तीनदा गेलो, तीनदा हेच दार. घड्याळात बारा पस्तीस.

पहिलं पान पुन्हा वाचलं. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय हलणार नाही. तिसऱ्याला शेवटच नाही —

१५ एप्रिल
झोपून उठलो. तेच ऊन. बारा पस्तीस. शर्टावर चहा सांडला होता, धुतला, डाग पुन्हा तिथेच. भीती वाटते. फार भीती वाटते.

१५ एप्रिल
बायकोचा, वैदेहीचा फोन. ओवीने हट्ट धरला, बाबांकडे जायचं म्हणून. दोघी गाडीने निघाल्यात, टेंभुर्णी मागे टाकली. येऊ नका म्हणून ओरडलो. माझा आवाज तिला पोचलाच नाही. हॅलो, हॅलो —

ओवीला इथं आणायचंच. मीच लिहिलं. मी, तिच्या बापाने.

खोडतोय. रेघ उमटते नि विरते. पान फाडलं. वही उघडली, पान जागेवर.

१५ एप्रिल
ओवी येणार नाही, असं दहा वेळा लिहिलं. एक अक्षर टिकलं नाही. कमलम्मा खाली रडताहेत. पण रीळ त्यांनीच चढवलंय, प्रोजेक्टर सुरू —

पडद्यावर हेच दार. खुर्चीत पाठमोरा माणूस, लिहितोय. शर्टावर चहाचा —

गाडी थांबली.

जिन्यावर पावलं. लहान. बाबा, बाबा, करत —

हे एक ‘नको’ तरी टिकू दे. ओवी, आत ये