बिनसहीच्या चिठ्ठ्या

४ जानेवारी, बुधवार

झालं मंजूर! नगरपालिकेचं पत्र मी सभेत उभं राहून वाचलं. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग आपण एकटेच वाजवतोय हे बघून हात खिशात घातले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट फुटपाथ, आणि प्रत्येक इमारतीच्या दाराशी पायऱ्यांवरून उतार. सात वर्षं आमचा दुकानदार संघ या एका गोष्टीच्या मागे लागला होता. काम पुरं झालं की एप्रिलमध्ये ‘रस्त्याचा दिवस’ करायचा — गाड्या बंद, दुकानांची टेबलं बाहेर, मुलांची चित्रं, गाणी, स्टेज.

काम कुठल्या टोकाकडून सुरू करायचं, इथे घोडं अडलं. अध्यक्ष म्हणजे औषधवाला. तो म्हणाला, “सेक्रेटरींच्या दारापासून करू. त्यांच्याकडे गरज आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच नको म्हटलं. अर्ज मी लिहिले, हेलपाटे मी घातले, आणि पहिला उतार माझ्याच दारात? उद्या कोणी बोट दाखवलं तर? औषधाच्या दुकानाकडून सुरू करा म्हटलं. म्हणजे आमची इमारत सगळ्यात शेवटी. इतिवृत्तात तसं लिहून टाकलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती खिडकीत होती. चौदा महिने ती खिडकीतच आहे. लिफ्ट आहे, चाकांची खुर्ची आहे, पण खाली दाराशी चार उंच पायऱ्या. दोघांनी खुर्चीसकट उचलून नेऊ म्हटलं की एकच शब्द — “नको.” झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. ‘अहो’, ‘नको’ आणि ‘बघू’ एवढे तीन शब्द तेवढे धड उरलेत. मागे एकदाच एक मोठं वाक्य बोलली होती, अर्धा तास लागला त्याला — “गोणीसारखी... नाही जाणार.”

“एप्रिलमध्ये खुर्चीत बसून ऐटीत उतरशील,” म्हटलं. “आपला नंबर शेवटी आहे, पण आहे.”

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “बघू.”

५ जानेवारी, गुरुवार

काल सूचना पेटी उघडायची राहिली होती. ती इस्त्रीवालीच्या दुकानाबाहेर टांगलेली असते, किल्ली माझ्याकडे. आज उघडली. एकच चिठ्ठी. ‘बेकरीच्या छपराचा पत्रा वरून सुटला आहे. दोनच खिळे उरले.’ खाली सही नाही!

बिनसहीची सूचना विचारात घेतली जाणार नाही, हा नियम मीच केलेला आहे. पूर्वी लोक वाटेल ते खरडून टाकायचे. तसा शेरा मारून चिठ्ठी फायलीला लावली.

संध्याकाळी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! आणि छपरावर चढून खिळे कोण मोजतं? मी स्टुलावर चढून खिळे मोजून दाखवले. हसली. अर्ध्याच चेहऱ्याने हसते आता, पण हसली. संघाच्या सगळ्या सूचना पूर्वी तिच्या हातच्या असायच्या. लोक फळ्यासमोर थांबून नुसतं अक्षर बघायचे. “तुझ्यानंतर अक्षराचे असे हाल आहेत बघ,” असं बोलून गेलो. नंतर वाटलं, ‘तुझ्यानंतर’ कशाला म्हणालो.

१९ जानेवारी, गुरुवार

व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. डाव्या हाताने रेघा काढायला त्यांनी नोव्हेंबरातच सांगितलंय. वही पाहायला गेलो तर तळहाताने झाकली. शाळेतल्या मुलीसारखं!

१ फेब्रुवारी, बुधवार

डोकं भणभणलंय. पेटीत दोन चिठ्ठ्या, तेच कोंबडीचे पाय. पहिली — ‘चपलांच्या दुकानासमोर एक आजोबा रोज भिंतीला टेकून दम घेतात. तिथे बाक हवा.’ बरं, ठीक. दुसरी — ‘काम शेवटच्या इमारतीपासून सुरू करावे. एप्रिल फार लांब आहे.’

शेवटची इमारत म्हणजे माझी! भर सभेत माझे कान लाल झाले. कोणीतरी मला लोणी लावतंय, नाहीतर माझी परीक्षा बघतंय. उभा राहिलो आणि सांगितलं, “ज्याने कोणी लिहिलंय त्याने ऐकावं. असली मेहरबानी मला नको.” अध्यक्ष हळूच म्हणाला, “अहो सेक्रेटरी, पण म्हणणं चुकीचं कुठाय? अजून सुरुवातच आहे, टोक बदलता येईल.” मी ऐकलं नाही. बिनसही. फायलीला.

घरी आलो तरी राग गेला नव्हता. तिच्यापुढे सगळी गरळ ओकली. “सही करायची हिंमत नाही आणि मला शहाणपण शिकवतात! सही करा म्हणावं, मग घेतो विचारात!”

या वेळी हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “बघू.”

११ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून वारा. अकराच्या सुमाराला बेकरीचा पत्रा सुटून थेट रस्त्याच्या मधोमध पडला. नशीब, खाली कोणी नव्हतं! बेकरीवाला पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्या दुकानात आला. माझं दिव्यांचं दुकान, सगळे दिवे लावलेले, त्यात तो आणखीच पांढरा दिसला. “चिठ्ठीत होतं ना हो हे?” होतं. नियम नियम म्हणून थोडंसं पुटपुटलो.

आता सगळे त्या माणसाला ‘बिनसहीवाला’ म्हणायला लागलेत. कोण असेल यावर पैजा. अध्यक्षाचा संशय फोटोवाल्यावर, फोटोवाल्याचा अध्यक्षावर.

तिला सांगितलं तेव्हा तिने खिडकीकडे बोट केलं, मग स्वतःकडे. “हो ना,” म्हटलं, “तुला इथून पडताना दिसला असेल.” तिने डोळे मिटून घेतले. दमली होती बहुतेक.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

वहीचं पान फाडलं तिने. रागाने पेन फेकलं, ते पलंगाखाली गेलं. मी काढून दिलं. “राहू दे गं, रेघाच तर आहेत,” म्हटलं तर असं बघितलं माझ्याकडे! पेन हातातून ओढून घेतलं.

१ मार्च, बुधवार

फुटपाथ अर्ध्यावर. पाण्याचा पाइप फुटला, त्यात आठ दिवस गेले. पेटी रिकामी. बिनसहीवाला दमला वाटतं! बेकरीवाला खट्टू झाला. त्याला आता छपराचं काही विचारायचं होतं.

१४ मार्च, मंगळवार

काम फोटोवाल्यापर्यंत आलंय. पुढे चारच इमारती.

इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. त्यात बायकोचे निळे ठेवणीतले कपडे, कडक इस्त्री करून. मी दिले नव्हते. “वहिनींनी काढून ठेवले होते, भाऊ. एप्रिलसाठी.” मग बायकोने मला कपाटाकडे बोट करून चपला काढायला लावल्या. सोळा महिन्यांची धूळ. “अगं, खुर्चीत बसून जायचंय, चपला कशाला?” म्हटलं.

“अहो!”

लग्नापासून ज्या ‘अहो’ने मला गप्प बसवत आली तोच हा ‘अहो’. जसाच्या तसा. पुसल्या चपला. बाहेर सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं आणि ती मान हलवत होती, गाणं चालल्यासारखी.

२४ मार्च, शुक्रवार

दुपारी वर आलो तर इस्त्रीवाली तिच्यापाशी बसलेली. मला बघून दोघी गप्प. इस्त्रीवालीने पदरात काहीतरी लपवलं. “बायकांच्या गोष्टी आहेत, भाऊ,” म्हणाली. बायको मात्र भलतीच खूश. पुष्कळ दिवसांनी स्वतःहून जेवायला मागितलं. अजून दोन इमारती, मग आम्ही.

२७ मार्च, सोमवार

गेली. सकाळी साडेसहाला. दुसरा झटका.

३१ मार्च, शुक्रवार

लिहवत नाही. पण हे लिहून ठेवायला हवं.

तिला चौघांनी उचलून त्या चार पायऱ्यांवरून खाली नेलं. बेकरीवाला पुढे होता, मी उशाशी. तिसऱ्या पायरीवर माझा पाय अडखळला आणि ती हलली. मला तिची माफी मागावीशी वाटली. सगळे बघत होते. तिला जे नको होतं नेमकं तेच झालं, आणि दारापासून दोन इमारती अलीकडे नवा फुटपाथ येऊन थांबलेला होता.

मी जानेवारीत ‘नको’ म्हणालो नसतो, तर सात दिवसांत आमचा उतार झाला असता. ती दहा आठवडे खाली उतरली असती. चपलांच्या दुकानापर्यंत, बेकरीपर्यंत. मला कोणी बोट दाखवलं नाही. कोणीही दाखवणार नव्हतं. सगळे तर म्हणत होते, तुमच्यापासून सुरू करा.

मुलगी म्हणते, “बाबा, असं नका म्हणू.” मग कसं म्हणू?

६ एप्रिल, गुरुवार

कालच्या सभेला गेलो नाही. अध्यक्ष घरी आला. रस्त्याचा दिवस पुढे ढकलू म्हणाला. नको म्हटलं. लोकांनी तयारी केलीय.

आमच्या दाराशी उतार झाला. गवंडी म्हणाला, “वाळलाय, चालून बघा.” चाललो. मग वर गेलो, तिची खुर्ची लिफ्टने खाली आणली आणि रिकामीच उतारावरून नेली. कुठे अडत नाही. हात सोडला असता तरी आपली आपण गेली असती. गवंड्याने थापी खाली ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला.

१६ एप्रिल, रविवार

रस्त्याचा दिवस.

गर्दी चांगली. दिवे माझे, सगळे लागले. चपलांच्या दुकानासमोर बाक आलाय, अध्यक्षाने न बोलता आणून बसवला. आजोबा त्यावर बसून गाणी ऐकत होते. एक पोरगी चाकांच्या बुटांवरून आमच्या उतारावर वर-खाली, वर-खाली करत होती. तिला ओरडणार होतो, ओरडलो नाही.

मला स्टेजवर मधली खुर्ची दिली. हा फुटपाथ सेक्रेटरींमुळे झाला, असं अध्यक्ष माइकवर म्हणाला. टाळ्या. या वेळी सगळ्यांनीच वाजवल्या. मी उठलो, हात जोडले आणि परत बसलो. स्टेजवरून आमची खिडकी समोर दिसते. बंद होती.

खाली पहिल्या रांगेपाशी इस्त्रीवाली उभी. सारखी माझ्याकडे बघत होती. कार्यक्रम संपल्यावर जवळ आली, डोळे सुजलेले. “भाऊ, पेटी उघडलीत का?”

“आज? कसली पेटी?” मी खेकसलोच.

“आजच्या आधी उघडायला हवी होती. माझंच चुकलं, तुमच्या दुःखात कसं सांगू असं झालं मला. उघडा, भाऊ.”

१९ एप्रिल, बुधवार

उघडली. एकच चिठ्ठी, चार घड्यांची, २४ मार्चची. तेच कोंबडीचे पाय.

‘रस्त्याच्या दिवशी सेक्रेटरींनी स्टेजवर बसू नये. खाली लोकांत बसावे. शेजारी चाकांच्या खुर्चीपुरती जागा ठेवावी.’

खाली सही. पूर्ण नाव, त्याखाली दोन रेघा, लग्नाच्या नोंदणीत काढल्या होत्या तशाच.

तिची वही काढून पाहिली. पहिल्या काही पानांवर रेघा. मग मोडकी अक्षरं. फेब्रुवारीपासून पुढे पानंच्या पानं नुसती सही.

आधीच्या तिन्ही चिठ्ठ्या फायलीत आहेत. प्रत्येकीवर माझ्या हातचा शेरा.

हिच्यावर सही आहे. नियमात बसते.