पडद्याकडे पाठ

चाचा, तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतो आणि टाळतो. एका जागी बसणं मला जमत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? शाळा सोडून तुमच्या सिनेमाच्या तंबूत घुसलो, तेव्हापासून हिंडूनच राह्यलो. आता तंबू नाही. पाठीवरच्या पिशवीत छोटा प्रोजेक्टर असतो. पण काल केळापूरकडच्या एका अंगणवाडीत जे पाह्यलं, ते तुमच्याशिवाय सांगू कोणाले?

ताईंनी आधीच विचारलं होतं, "दादा, हे मारामारीचं कार्टून हाय म्हणतात. माहे लेकरं चार-पाच वर्षांचे. दाखवावं का नाही, तूच सांग." मग दाराशी बसलेल्या पोरीकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हे बाजारात चुकली होती. सापडली, पण तवापासून इथं एक शब्द बोलत नाही. आता अजून भेली तर हिची माय पाठवणं बंद करते."

मी म्हटलं, लावून पाहू. खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर चादर ताणली आणि तुमच्यासारखा पडद्याकडे पाठ करून, प्रोजेक्टरजवळ, लेकरांसमोर बसलो. दिग्रसच्या जत्रेत तुम्ही असेच बसायचे. मी पडद्यात घुसलेला, आणि तुम्ही डोक्यात टपली मारता, "पिक्चर काय पाहतं बे? लेकराईचे पाय पाह्य!" पाय पसरलेले, अंगठे हलून राह्यले, तर चालू द्यायचं. पाय पोटाशी गेले आणि हातात शेजाऱ्याचा सदरा आला, की भिंगावर तळवा, चित्र बंद. त्या जत्रेतली भजी काय होती, चाचा! जाऊ द्या, भलतीकडेच चाललो.

तर पाठीमागं लोखंडी राक्षस शहर पाडून राह्यला होता. धडाम, धडाम. मला वाटलं, आता रडतील. कायचं! लेकरं खिदळून लोळत होती. "अजून पाड!" एक टिल्लू ओरडला. ताईंनी कपाळाला हात लावला. मग एकदम आवाज थांबला. गर्दीत अस्वलाचं पिल्लू एकटं पडलं, "आई" म्हणून बारीक हाक आली, आणि सगळे पाय एकदम आत गेले. मारामारीला न भ्यालेली लेकरं त्या एका हाकेला भ्याली. दाराजवळच्या पोरीनं शेजारणीचा फ्रॉक मुठीत धरला. माझा तळवा उठला.

तेवढ्यात तीच उठली. उजेडातून चालत पडद्यापाशी गेली. मी पहिल्यांदा मान वळवली. चादरीवर तिची सावली त्या पिल्लाएवढीच. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हलू नको. इथंच उभा राह्य. माय येते."

चाचा, माझा हात तसाच हवेत राह्यला. इतक्या जत्रा केल्या, पण असं कधी पाह्यलं नव्हतं. ताई तोंडावर पदर धरून उभ्या. तुम्ही असते तर भिंग झाकलं असतं का? मला नाही वाटत. मग मी परत लेकरांकडे वळलो; मागं काहीतरी झालं असावं, कारण लेकरांनी टाळ्या वाजवल्या आणि पाय पुन्हा पसरले.

ताईंनी विचारलं, "मग? चालते का लहानाईले?" मी म्हटलं, सकाळी सांगतो. आता अंगणवाडी उघडायच्या आधी पायरीवर बसून हे लिहून राह्यलो. पाकीट आणलं नाही, लागणारही नाही. एक गोष्ट मात्र ताईंना सांगितली नाही: पिक्चर मी आधी अर्धाच पाह्यला होता. एसटीत मोबाईलवर लावला, पण बाहेर कापसाची वेचणी चालली होती, पांढरीशुभ्र वावरं, खिडकीतच रमलो. पिल्लू चुकतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्याची माय कशी येते, तेही अजून पाह्यलं नाही.

थांबा, कोणीतरी आलं. त्या पोरीची माय! मला वाटलं, भांडायलाच आली. पण बगलेत सतरंजी आहे, आणि पोरगी तिचं बोट धरून पुढं ओढून राह्यली. "भाऊ," माय म्हणते, "रातभर मलेच शिकवते, चुकली तं हलू नको म्हणून. ते अस्वलाची माय मलेबी दाखव."