आमच्या फायटरचे बाळंतपण

मुर्री, शनिवार

ती. मामाजींच्या चरणी जावई चंद्रकुमारचा साष्टांग नमस्कार. इकडे आई व मी खुशाल. तिकडे नवेगावला तुमचा गुडघा, मामीजींचा खोकला आणि डिंपलचा नववा महिना हे सगळे ठीक असेल असे धरून चालतो. (फोनवर विचारले असते, पण तुमच्यापुढे फोनवर मला 'हो मामाजी' एवढेच बोलता येते. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "बाळंतपणात जावयाचं काय काम? बारशाले या." त्यावरही मी 'हो मामाजी'च म्हणालो.)

पत्रास कारण डिंपलचे मासे. माहेरी निघताना तिने दोनच गोष्टी बजावल्या होत्या: आईशी वाद घालायचा नाही आणि फायटरची जोडी वेगवेगळी ठेवायची. पण टेबलावर इकडे नराची टाकी, शेजारी मादीची बरणी, आणि घरात हा असा एकटा मी. मला दया आली आणि मी मादीला त्याच्या टाकीत सोडले. चहा गाळून होईपर्यंत त्याने तिचे शेपूट फाडले. मासेवाल्या दुकानदाराने फोनवर आधी माझी अक्कल काढली, मग सांगितले की तिला काचेच्या गिलासात घालून टाकीतच ठेवा, दोघांना एकमेकांना बघू द्या. म्हणजे आम्ही तुमच्याकडे पोहे खायला आलो होतो तसेच. (तेव्हा तिने माझ्याकडे बघितलेच नव्हते, असे डिंपल अजून म्हणते.)

बघाबघी चालू असताना नराने पाण्यावर तोंडाने बुडबुड्यांचा फेस जमवला. ते त्याचे घरटे, हे आम्हाला कुठे ठाऊक! वरणावरचा फेस काढावा तसा आईने तो पळीने काढून मोरीत टाकला आणि टाकी नीट धुतली नाही म्हणून मलाच बोलली. त्या गरिबाने निमूटपणे पुन्हा बांधला. आईने पुन्हा काढला. मग मात्र मी वाद घालून पळी लपवली. (म्हणजे डिंपलची पहिली गोष्टही मोडली.)

शेवटी मादीला गिलासातून सोडले आणि अंडी झाली, खसखशीएवढी. ती खाली पडू लागली तसा नर एकेक तोंडात घेऊ लागला. आई ओरडली, "अरे, हा तं अंडी खाऊन राहिला! काढ त्याले बाहेर!" मी घाईघाईने त्याला जाळीने उचलून बरणीत टाकले आणि आईचे काळीज म्हणून मादीला मानाने आत ठेवले. बघतो तर खाणारी तीच! तो बिचारा अंडी उचलून फेसात नेऊन ठेवत होता. लगेच अदलाबदल केली. टाकीत पडल्या पडल्या तो सरळ अंड्यांकडे गेला, माझ्यावर रागवायलाही थांबला नाही. मामाजी, मला फार लाज वाटली.

तेव्हापासून तो दाण्याला तोंड लावत नाही. आता पिल्ले निघाली आहेत, ती फेसाला लोंबकळतात, सुटून खाली पडतात, आणि हा पुन्हा उचलून वर नेतो. मी माझे दुकान उशिरा उघडतो आणि बघत बसतो. आईही बसते. काल म्हणाली, "तुया बापानं तुले पहिल्यांदा उचललं, तवा तू चालून राहिला होतास." म्हणाली आणि हसली, पण ते हसणे मला काही खरे वाटले नाही.

बाकी सर्व ठीक. मामीजींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
चंद्रकुमार

ता. क. मला बारशाला नाही, त्याआधी यायचे आहे. बाळ होईल तेव्हा मला तिथे असायचे आहे. पाहुणचार नको, ओसरीत खाट पुरे, दुपटी मी धुईन. तलावाची मासळी मात्र करू नका, सध्या घास उतरत नाही.

ता. क. दुकानदार म्हणतो, पिल्ले पोहू लागली की बापालाही बाहेर काढावे लागते, नाहीतर तो त्यांनाच खातो. ते काम आईकडे सोपवले आहे. डिंपलला यातले काही सांगू नये.

ता. क. हे पत्र टपालात टाकलेले नाही. तुम्ही "काऊन आले?" विचाराल आणि मी 'हो मामाजी' म्हणून परतीची बस धरीन, या भीतीने लिहून सोबत आणले आहे. तुमचे वाचून होईपर्यंत मी फाटकातच उभा आहे.