सातव्या होलच्या वाटेतलं झाड

३ मार्च, सकाळ.
ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही आणि मला अक्षर येत नाही. म्हणजे गुपित पक्कं. लिहून घेते सून. तिला दूध उतू गेल्यावर गॅस आठवतो, तेव्हा तिच्याकडूनही धोका नाही. लिही गं, जसंच्या तसं.

मुलगा गोल्फच्या मैदानाचा मुख्य माळी. सातवा होल, म्हणजे चेंडू मारत खळगीपर्यंत न्यायची सातवी वाट, त्यानेच आखला. क्लबने दिलेलं आमचं घर त्याला लागूनच. पंधरा तारखेला परीक्षक येणार. होल पास झाला तर नोकरी टिकली, नाहीतर घरही सोडायचं. पास होणारच.

५ मार्च.
होलची अक्कल अशी. मध्ये तळं. छातीचा माणूस तळ्यावरून सरळ मारेल, त्याचा एक टोला वाचेल. भित्रा डावीकडून वळसा घालेल. ज्याचं त्याने ठरवावं. सरळ वाटेत, तळ्याच्या काठी एक झाड आहे. आमच्या ह्यांनी लावलेलं. ते गेले, झाड वाढलं. मुलगा म्हणाला होता, तोडू या. मी दोन दिवस जेवले नाही. झाड राहिलं. त्यानेच होलला रुबाब आलाय.

८ मार्च, दुपार.
खिडकीत बसून मोजले. चाळीस खेळाडू, चाळीसही डावीकडून. हल्ली माणसंच घाबरट.

९ मार्च.
एकाने सरळ मारला. चेंडू फांदीला लागून तळ्यात. तो जे बोलला ते सून लिहायला तयार नाही. मारायची अक्कल नाही आणि दोष झाडाला.

११ मार्च.
मुलगा ताटावरून उठला. उन्हाचा त्रास असणार. परीक्षकाला होल मी स्वतः समजावून सांगणार. ठरलं.

१५ मार्च.
ऐन वेळी गुडघा धरला, जाता आलं नाही. खिडकीतून पाहिलं. परीक्षक झाडाकडे बराच वेळ बघत होता. जाणकार दिसतो.

१६ मार्च.
सून पाणी घेऊन गेली होती, तिने ऐकलं ते सांगितलं. परीक्षक म्हणाला, सगळे एकाच वाटेने जातात, मग खेळणाऱ्याने ठरवायचं काय? झाड कोणी ठेवलं?
मुलगा म्हणाला, "मीच ठेवलं, साहेब. माझी नजर चुकली."
होल नापास. महिनाअखेर नवा माळी येतोय, याच घरात.
सून मान खाली घालूनच लिहितेय.

१७ मार्च, सकाळ.
झाड तोडायला क्लबने मुलालाच सांगितलंय. उजाडल्यापासून करवत चालू आहे. खोड जाड आहे, दुपार होईल. खिडकी लावून घेतली, तरी ऐकू येतं.

आता लिहिणं पुरे. त्याला डबा पाठव. तीन अंडी उकड, माझ्या वाट्याचं एक त्यातच आलं. पाव शेकून दे, वाळका नको. मीठ कागदात वेगळं बांध. आणि आईने पाठवलं असं सांगू नकोस, म्हणजे खाईल.