नानांचे पाण्याचे रंग

मंगळवार, ९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून निदान इथे तरी कंजुषी करत नाही.

भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढायचा हट्ट सोडा, वरच्या मजल्यावर काही खजिना पुरलेला नाही. इकडे सगळं ठीक. आईची तब्येत ठीक. जेवते, झोपते, माझ्या भाजीला नावं ठेवते, म्हणजे ठीकच. खालच्या शिंपिणीने नवं मशीन घेतलंय, दिवसभर खडखड चालू असते, माझं डोकं उठतं.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का येतोय तुझा?" मी म्हटलं, सर्दी. सर्दीबिर्दी काही झालेली नाही. पण फोनवर तुला काही सांगायला जावं तर तू "बरं बरं, ते जाऊ दे" म्हणून भलत्याच गोष्टीवर उडी मारतेस. कागदावर तुला मला अडवता येणार नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच.

प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. दालनवाल्या बाई येऊन सगळी चित्रं बघून गेल्या. तू तुझ्या मैत्रिणींना "ती जुन्या फोटोंवर रंग फासते" असं सांगतेस हे मला ठाऊक आहे, आणि ते काही अगदीच खोटं नाही. घरातले फोटो मोठे करून आणायचे, कापायचे, एकावर एक चिकटवायचे, रंगवायचे, पुन्हा खरवडायचे. आत्याच्या लग्नातला घोळका मी असा रंगवलाय की माणसं सगळी गेली आणि नुसत्या खुर्च्या उरल्या. बाईंना तो फारच आवडला. आत्या असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

हे मी का करते ते मात्र तुला कधी पटवता आलं नाही. शाळेत इतकी वर्षं मुलांना फुलदाण्या काढायला शिकवल्या. नोकरी संपली, स्वतःसाठी ब्रश हातात घेतला, आणि एका सकाळी असं झालं की हात चालतोय आणि मी नाहीच. भूक नाही, कंबर नाही, वय नाही. कुणाची मुलगी नाही, कुणाची बहीण नाही. नुसता उजेड असावा तसं काहीतरी. आईने हाक मारली तेव्हा मी परत आले आणि चक्क रडले, परत यावं लागलं म्हणून. तेव्हापासून मी त्या एकाच गोष्टीच्या मागे आहे. आपल्याच माणसांचे चेहरे रंगवत रंगवत आपल्या पलीकडे जाता येतं, असं मला खरंच वाटतं. तुला सांगितलं तर म्हणालीस, "मग संन्यास घे, रंगांचा खर्च तरी वाचेल." मी हसले, पण लागलं होतं मला.

असो. एक वाईट बातमी आहे. बैठकीच्या खोलीतला आपला फोटो खराब झाला.

हो, तोच. आई खुर्चीवर, नाना मागे उभे, आईच्या मांडीवर दीड वर्षाची मी, आणि शेजारी माझा हात धरून तू. भिंतीला ओल आली होती, काचेच्या आत बुरशीचे ठिपके दिसायला लागले, म्हणून साफ करायला काढला. साफ करताना चुकून थोडा रंग गेला. माझ्या चेहऱ्यावरचा.

आई हाक मारतेय. उद्या पुढे लिहिते.

बुधवार

"चुकून" लिहिलंय ते खोटं आहे. कालचा कागद फाडून टाकणार होते, पण राहू दे.

नानांच्या हातचे फोटो आपण दोघींनी किती वेळा पुसलेत, आठव. स्टुडिओत टचिंग करायचे ते, काळ्यापांढऱ्या फोटोतल्या गालांना लाली द्यायचे, कपड्यांना रंग द्यायचे. आणि सगळ्यांत जास्त लोक यायचे ते गेलेल्या माणसाचे डोळे उघडून घ्यायला. जिवंतपणी ज्याचा एकही फोटो निघाला नाही, त्याचा शेवटचा तेवढा काढलेला असायचा, आणि नाना त्याच्या मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून द्यायचे. हे सगळं तेलाच्या रंगांत. पक्कं काम. नानांच्या कुठल्याही फोटोवरून ओला कापूस फिरवावा, रंग इकडचा तिकडे होत नाही. दुसऱ्या कुणाच्या कामाला मी थेंबभर पाणी लावलं नसतं. नानांचं म्हणून बिनधास्त लावलं.

नानांचा कोट स्वच्छ झाला. आईचा चेहरा उजळला. तूही धुऊन निघालीस. मग माझ्या गालावरून कापूस फिरवला आणि तो गुलाबी झाला.

तिथेच थांबायला हवं होतं. कुणीही थांबलं असतं. पण पुसल्या जागी गालाची एक दुसरीच रेघ दिसली, आणि ताई, तेच झालं गं, ज्याच्या मागे मी इतकी लागले होते. हात चालू आणि मी नाही. मशीनची खडखडसुद्धा ऐकू येईना. नवा कापूस, पाणी, पुन्हा नवा कापूस. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, हे लिहितानाही लाज वाटते. मी माझा चेहरा पुसत होते आणि मला आनंद होत होता.

भानावर आले तेव्हा आईच्या मांडीवर मी नव्हते. दुसरंच मूल होतं. नाक वेगळं, कपाळ वेगळं, हनुवटी वेगळी. डोळे मिटलेले. झोपलेलं मूल नव्हतं ते. नानांच्या टेबलाशी बसून लहानाची मोठी झाले मी, असे मिटलेले डोळे मला ओळखता येतात.

खाली फरशीवर बसले ती बसलेच. आणि अशा वेळी डोक्यात काय यावं? तुझी उंची! आपल्यात दहा वर्षांचं अंतर. मी दीड वर्षाची तर तू साडेअकरा. त्या फोटोत तू सहा वर्षांची पोर दिसतेस, दुधाचे दात पडलेले. मी शाळेत असताना तुला विचारलं होतं, आणि तू म्हणालीस, "मी बुटकी होते तेव्हा." तू! दारातून आत येताना मान खाली घालणारी! आणि मी गाढव त्यावर जन्मभर हसत आले.

तेवढ्यात आई आली. "चहाचं काही बघणार आहेस, की तोही मीच करू?" म्हणत खोलीत शिरली आणि टेबलापाशी येऊन थबकली. मला उठून फोटो झाकायचं सुचलंसुद्धा नाही. ती वाकली, एका हाताने टेबलाची कड धरली, आणि म्हणाली, "छकुली."

मी म्हटलं, "काय?"

पन्नाशी उलटली तरी या घरात मी छकुलीच. जन्मभर त्या हाकेला ओ दिली, तशीच दिली. आईने माझ्याकडे बघितलंदेखील नाही. ती माझ्याशी बोलत नव्हती.

ताई, तुझे उतरलेले फ्रॉक मी घातले, तुझी उतरलेली पुस्तकं वाचली, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण नावसुद्धा उतरलेलंच द्यावं का गं?

मग आई स्टुलावर बसली आणि बोलली. रडली नाही. भाव विचारावा तशा आवाजात बोलली, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तापाने गेली. दोन दिवस पण नाही. तिचा फोटो एक नव्हता. हे सगळ्या जगाचे फोटो करायचे, आणि घरच्यांचे काढू कधीतरी, म्हणायचे." म्हणून तिला तशीच मांडीवर घेऊन आई स्टुडिओत बसली. नाना म्हणाले, डोळे मी उघडतो, माझं रोजचंच काम आहे. रोज ब्रश घेऊन बसायचे आणि रोज कोरडा ब्रश परत ठेवायचे. शेवटी फोटो कपाटात उलटा करून ठेवून दिला.

"मग?" मी विचारलं.

"मग तू झालीस. तू तेवढी झालीस तेव्हा एक दिवस त्यांनी तो बाहेर काढला. तुला टेबलावर बसवलं, हातात बिस्किट दिलं, आणि समोर बघून रंगवत गेले. बिस्किट होतं तोंडात, म्हणून तो एक गाल तसा फुगलेला."

त्या फुगलेल्या गालाला सगळं घर किती हसायचं! भावोजी तर अजून मला त्यावरून चिडवतात.

"पाण्याचे रंग घेतले त्यांनी," आई म्हणाली. "मी म्हटलं, अहो, हे टिकायचे नाहीत. तर म्हणाले, टिकायला नकोतच."

मी तिला विचारायला नको होतं, पण विचारलं. आई, रोज सकाळी तू त्या फोटोची काच फडक्याने पुसायचीस, बोट फिरवायचीस त्या चेहऱ्यावरून, ते कुणाच्या? मी लहानपणी दाराआडून बघायचे ते. तू चिडलेली असलीस, माझ्याशी बोलत नसलीस, तरी मला वाटायचं, फोटोतल्या मला तर ती कुरवाळतेय. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. ते कुणाला होतं, आई?

आई म्हणाली, "काच पुसावी लागते गं. धूळ बसते."

खाली मशीन पुन्हा चालू झालं. मग तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात इतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, "आता उघड तिचे डोळे. यांना नाही जमलं. तुला येतं. मी जायच्या आत एकदा तिने माझ्याकडे बघू दे."

मी हो म्हटलं. काय करणार होते? हे काम प्रदर्शनाला जाणार नाही, बाईंना तसं कळवून टाकलंय. बारीक ब्रश काढला, रंग कालवायला घेतला, आणि सहज विचारलं, "आई, कसे होते तिचे डोळे? काळे, की घारे?"

आईने तोंड उघडलं. "तिचे ना, ते..." आणि थांबली. मग म्हणाली, "तुझ्यासारखे." मग जोरजोरात मान हलवायला लागली. "नाही, नाही, थांब. तुझे नव्हेत. थांब जरा, सांगते."

सांगू शकली नाही, ताई. इतकी वर्षं रोज त्या काचेत माझे डोळे बघितले तिने. तिचे पुसले गेले. आणि ते कळलं तेव्हा आई रडली. नाना गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला धरून बसले होते, पण मी तिला काय म्हणून धरणार? माझ्याच डोळ्यांनी ते केलंय. मी कितीही पलीकडे जाते म्हटलं तरी या तोंडात ते दोन डोळे आहेतच. तेव्हापासून आरशात बघवत नाही मला.

मला तुझाही राग आलाय. खूप आलाय, खोटं कशाला बोलू? आलीस की तू त्या भिंतीकडे पाठ करून बसायचीस, आणि मला वाटायचं तुला खिडकी आवडते. पण आज सकाळी भिंग घेऊन फोटो बघितला. तू तिचा हात नुसता धरलेला नाहीस. आपला अंगठा तिच्या मुठीत घालून वरून तिची बोटं दाबून धरली आहेस, तिने धरल्यासारखं दिसावं म्हणून. सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं, की तुझं तुलाच सुचलं? तुला घरात कुणी जवळ घेतलं का त्या दिवशी? का लगेच "कुणाला बोलायचं नाही" एवढंच सांगितलं? मला आत्ता तुझ्याजवळ यायचं आहे, पण आईला सोडून निघता येत नाही.

तिला जिवंत बघितलेलं आता आई सोडून तू एकटीच उरलीस. आईचं हे असं झालं. म्हणून तुला विचारते, आणि या वेळी "ते जाऊ दे" म्हणू नकोस. तिचे डोळे कसे होते? मोठे होते का, बारीक? बुबुळं कोणत्या रंगाची? हसताना मिटायचे का? तुझ्याकडे बघायची तेव्हा कशी बघायची? एक डोळा जरासा तिरका असला तर तेही लिही, मी तसाच काढेन. तुलाही आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. बनवून मात्र काही सांगू नकोस. तू सांगशील ते मी रंगवणार आणि आई ते खरं मानणार, आणि आता तिला फसवायचं बळ माझ्यात नाही.

आई आत्ता दारातच खुर्ची टाकून बसली आहे. मला विचारतेय, "ताईचं काय आलं का गं?" तिला सांगितलं, अजून पत्र टाकायचंच आहे.

तुझी दुसरी बहीण