खिडकीतली तुळस

मामंजी,

तुम्ही न्हाणीत आहात आणि ट्रक दारात आलाय, म्हणून चिठ्ठी तुमच्या फुलांच्या परडीत ठेवते. मी दुष्काळी कामावर हजेरी लिहायला जाते. आत्याबाईंना भाकरी ताकात कुस्करून भरवा, घाई करू नका.

काल मी तुम्हाला तोडून बोलले, मनावर घेऊ नका. अंगणातली तुळस पाण्यावाचून वाळली, म्हणून तुम्ही आत्याबाईंच्या बाजेलगतच्या खिडकीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या पूजेला नेता, ते कळतं मला. पण सोसायटीतल्या रेशनच्या तेलाच्या डब्यात ती मी देवासाठी लावलेली नाही. भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवलीय, तुमच्या सोवळ्यात बसायची नाही. मंजिऱ्या फुलल्या की फुलपाखरं येतात, एखादा इवला शिंजीर पक्षी येतो. अंगावरून वारं गेल्यापासून नुसत्या आढ्याकडं बघत पडलेल्या आत्याबाई तेवढ्यापुरती मान वळवतात. काल तुम्ही मंजिऱ्या खुडून नेल्यावरही दिवसभर तिकडंच बघत होत्या. काही आलं नाही.

तुमच्या हातून एकच मंजिरी सुटलीय. आत्ता न्हाणीतून तुमचं स्तोत्र ऐकू आलं, तसा त्यांनी बरा हात उचलला आणि ती मुठीत झाकून धरली.

लीला