आपल्याच पगडीचा चोर

देवास, १९५३

माझा तांब्याचा बंब तुमच्या घरी धारला कुणी नेला? मी इंदूरच्या दवाखान्यात होते, स्मशानात नव्हे!

चि. विठोबास आईचा आशीर्वाद. मानेवरची कर्काची गाठ विरघळली. मध्येच तोंडावर धावरं उठलं, कातडी लालभडक सुजली, आठवडाभर तापाने भाजून निघाले, आणि ताप उतरला तशी गाठही बसत गेली. डाक्टरीणबाई म्हणाली, "आजी, असं लाखात एखाद्याचं होतं. रक्तात पहारेकरी असतात. गाठ आपल्याच अंगातली, म्हणून त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. धावऱ्यामुळे ते खडबडून उठले असावेत."

मी म्हटलं, "बाई, हे मला सांगता? देवासात तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती नि धाकटी पाती, दोघांच्या पगड्या वेगळ्या. आमचे हे थोरल्या पातीच्या राजवाड्यावर पहाऱ्याला होते. धाकट्या पातीची पगडी दिसली की माणूस अडवायचे. आमच्याच पगडीचा आचारी मात्र रोज मुदपाकातलं तूप पळवी, आणि हे त्याला रामराम घालीत! एकदा गवताच्या गंजीला आग लागली. सगळे जागे होऊन धावले, पगड्यांऐवजी तोंडं बघू लागले, तेव्हा आचारी तुपाच्या डब्यासकट सापडला."

बाई पोट धरून हसली. मग म्हणाली, "एखादा चोर अजून लपलेला असेल. दिवाळीनंतर पुन्हा बघू."

तोवर हे पत्र माझ्या पानाच्या डब्यातच राहील. आज नाचाल आणि उद्या रडाल, तो तमाशा मला नको. बाईने पक्कं सांगितलं की डाकेत टाकीन. उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझ्या बायकोने, सुमंगलेने लिहायचं, आणि बंबासकट स्वतः आणून द्यायचं.

अजून आंघोळीला कढत पाणी लागणारी,
तुझी आई यमुनाबाई